प्रार्थना संपेपर्यंत

गस डेकवर, घरामागच्या अंगणातल्या नव्या फळ्यांच्या ओट्यावर, यायला तयार नव्हता. सोल्वेबाईंचा हा म्हातारा, गबदुल कुत्रा एरवी माणूस दिसला की शेपटीसकट अंगावर यायचा, आणि एफ्राइन बुस्तामांतेच्या तर तो खास प्रेमात होता, कारण एफ्राइनच्या डब्यात रोज तोर्तियाच्या पोळीत गुंडाळलेलं मांस असायचं. आज मात्र तो दारातून बाहेर आला, नव्या डेकच्या पहिल्या फळीवर त्याने एक पंजा ठेवला आणि चटकन उचलला. परत ठेवला, परत उचलला. मग एफ्राइनकडे बघून बारीक कुंईकुंई करत तो मागे सरला आणि घरातल्या गार फरशीवर जाऊन बसला. एफ्राइन डेकच्या मधोमध उभा होता. जूनमधली, वाळवंटातल्या टूसॉनची टळटळीत दुपार, डोक्यावर गवती हॅट, आणि पाय अनवाणी. त्याची प्रार्थना नुकतीच संपली होती. सावकाश, एकही शब्द न गिळता संपली होती, आणि ‘आमेन’ म्हणताना तो त्या फळ्यांवर मनातून खूश झाला होता. कुत्र्यांचे काय, लाडावलेली कुत्री, चोवीस तास एसीत लोळणारी, असे म्हणून तो हसला. मग कोण जाणे का, कदाचित गसचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते म्हणून, तो खाली वाकला आणि त्याने तळहात फळीवर टेकला. हात आपोआपच वर उडाला. खिळा ठोकताना बोटावर हातोडी बसावी तशी कळ कोपरापर्यंत गेली. त्याने हाताकडे पाहिले, हात लाल झाला होता. मग त्याने पायांकडे पाहिले. पाय त्याच फळीवर, हाताच्या शेजारी, सुखाने उभे होते. दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

तो डेकवरून उतरला, भिंतीच्या सावलीतल्या बादलीवर बसला आणि घाईघाईने बूट चढवू लागला. कुणी पाहिले नव्हते. त्याची मुलगी मरिसेला अंगणाबाहेर ट्रकमध्ये हत्यारे चढवत होती. बापाबरोबर सुतारकाम करणारी मुलगी म्हणून आधी लोक हसायचे, आता बापाला हसतात, कारण हिशोबापासून भांडणापर्यंत सगळे तीच बघते. सोल्वेबाई आत होत्या. सकाळी उन्हात मुरायला ठेवलेली चहाची बरणी त्यांनी आत नेली होती आणि आता बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. उद्घाटनाचा चहा. बुटाची नाडी बांधताना एफ्राइनच्या लक्षात आले की आपण बघून बांधतोय. पाय बुटात पूर्ण गेला की नाही हे तो हल्ली डोळ्यांनी ठरवत होता. केव्हापासून, ते काही त्याला आठवेना.

या गावात डेक बांधणारे पुष्कळ, पण ‘अनवाणी एफ्राइन’ एकच. उन्हाळ्यात इथली माणसे उजाडायच्या आत कामाला लागतात आणि दुपारच्या आत हत्यारे आवरतात, कारण नंतर हातोडीची मूठसुद्धा धरवत नाही. डेक पुरा झाला की मात्र एफ्राइन मुद्दाम भर दुपारी परत यायचा, मालकासमोर बूट-मोजे काढायचा, हॅट सारखी करायचा आणि फळीवर उभा राहून मारियामातेची एक प्रार्थना पुरी म्हणायचा. प्रार्थना सावकाश संपली तर डेक पास. मधेच पाय उचलावा लागला तर फळ्या बदलायच्या, नाहीतर वर मांडव घालायचा, आणि तोवर तो डेक मालकाच्या ताब्यात देत नसे. हे माप त्याच्या आईचे. तिच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हते. अंडे उकडायचे ते अमुक इतक्या प्रार्थनांत, बीन्स शिजायचे ते अख्ख्या जपमाळेत. सुतारमंडळी त्याची चेष्टा करत, “एफ्राइन, घाईच्या वेळी तू मधल्या ओळी गाळतोस म्हणे!” पण काम मिळवायची वेळ आली की तीच मंडळी म्हणत, आमच्या डेकवर एफ्राइन उभा राहिलाय. त्याने कुठे सही केली नाही, हमी लिहून दिली नाही. त्याचे तळवे म्हणजेच त्याचा शब्द होता. आणि तळवे तरी कसे, पहारीच्या लोखंडासारखे टणक, घट्टे पडलेले, तरी त्यांना बारीकसारीक सगळे कळायचे. रेडवुडचे लाकूड कुठे कोरडे होऊन उकलायला लागलेय, कुठला स्क्रू केसभर वर राहिलाय, कुठल्या दोन फळ्यांत कारागिराने फट ठेवायचा आळस केलाय. आंधळ्याला बोटांनी दिसते म्हणतात, तसे एफ्राइनला पायांनी दिसत होते.

आणि हे सगळे आता संपले होते म्हणायचे? सावलीत बसूनही त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. ओघळ कळला. कमरेपर्यंत कळला. म्हणजे अंग आपलेच आहे, असे त्याने स्वतःला बजावले, आणि मग तो आठवू लागला, जसे घरात चोरी झाल्यावर माणूस शेवटचे कुलूप केव्हा लावले ते आठवतो. फेब्रुवारीत या बाई आल्या. बर्फाच्या मुलखातल्या, मिनेसोटाच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, हाडकुळ्या, दुधासारख्या पांढऱ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, “आयुष्यभर लोकरीचे मोजे घातले मी. झोपतानासुद्धा. आता उरलेलं आयुष्य अनवाणी काढणार. खोलीतून निघायचं ते थेट पोहायच्या हौदात!” बाहेरून येणारा प्रत्येकजण करतो तीच चूक त्यांनी केली. हिवाळ्यात, दुकानातल्या गारव्यात फळी निवडली, आणि ती पण कॉफीच्या रंगाची. भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेली, न चिरणारी, न उकलणारी, दिसायला देखणी. वर मांडव नको म्हणाल्या, करड्या ढगांखाली जन्म गेला, आता आकाश हवे. नव्याचे नऊ दिवस, असे मरिसेला कुजबुजली होती. एरवी एफ्राइनने दुकानातच नकार दिला असता. पण दुकानदार म्हणाला की ही नवी जात जरा कमी तापते, आणि बाई म्हणाल्या, “तुम्ही उभे राहून सांगा. तुम्ही हो म्हणालात तर हो.” मग मेमध्ये, चांगले ऊन पडल्यावर, तो नमुन्याच्या तुकड्यावर उभा राहिला. प्रार्थना संपली. तो इतका निवांत होता की त्याने मागाहून एक ओळ स्वतःच्या मनाची जोडली होती, ओफेलियाच्या गुडघ्यांसाठी. ओफेलिया त्याची बायको. काळी फळी असून गार, असे तो घरी जाऊन तिला कौतुकाने सांगत बसला होता. त्याच आठवड्यात त्याच्या टाचेला फोड आला. दुखला नाही, नुसता ओला मोजा दिसला म्हणून कळला. त्याने नव्या बुटांना शिव्या घातल्या आणि तो जोड चर्चच्या दानपेटीत टाकून आला. बिचारे बूट. त्याआधी हिवाळ्यात कधीतरी रात्री पलंगावर बसल्या बसल्या तो मोजे काढायला वाकला होता, आणि पायात मोजे नव्हतेच. तेव्हा तो हसला होता. ओफेलियाला सांगितलेसुद्धा नाही, कारण तिला सांगितले की ती लगेच साखरेवर यायची. गोळ्या घेतल्या का, परवा वाढदिवसाचा केक कुणी संपवला. तिच्या कटकटीपुढे तो कानात बोळे घालायचा आणि म्हणायचा, माझी साखर मला काही त्रास देत नाही, तुलाच देते.

सावली भिंतीच्या कडेने एक वीतभर सरकली होती. पायांना आता काही लागत होते का? त्याने बुटात बोटे हलवून पाहिली. हलत असावीत. आणि मग, जे आठवू नये म्हणून तो इतका वेळ फेब्रुवारी आणि मे करत होता, ते आलेच. डोंगरातल्या तांब्याच्या खाणीचे गाव, पत्र्याचे घर, आणि संध्याकाळी कामावरून आलेला त्याचा बाप. सगळे त्याला ‘दोन चेमा’ म्हणत, म्हणजे चेमाराव. दारातल्या खुर्चीवर बसून पाय पुढे करायचा, आणि आई खाली बसून बूट ओढायची. एकदा बूट निघेचना. आईने जोर लावला तेव्हा निघाला, आणि मागोमाग मोज्यातून फरशीवर रक्ताची रेघ. बुटाच्या तळातून एक लांब खिळा आत आला होता आणि सबंध पाळीभर बाप त्यावर चालला होता. आईने तोंडावर हात नेला. बाप मात्र हसला. “बघा रे पोरांनो, बापाचे पाय! खिळासुद्धा लाजला!” पोरांना अभिमान वाटला. एफ्राइनने तर शाळेत सांगितले. त्यानंतर रोज संध्याकाळी आई परात घेऊन बसायची, पाय धुवायची आणि एकेक बोट धरून विचारायची, “इथं कळतंय?” बाप म्हणायचा, “कळतंय.” “आणि इथं?” “कळतंय गं बाई, कळतंय.” एकदा एफ्राइन दाराशी भोवरा घेऊन उभा होता आणि त्याने पाहिले की बाप उत्तर देण्याआधी आईच्या हाताकडे बघतोय. हात जिथे असेल तिथे बाप ‘कळतंय’ म्हणत होता. एफ्राइनने ते कुणाला सांगितले नाही, सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटलेही नाही. मग बोटे गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचे सगळे, आणि दोन चेमा त्याच खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला खाणीतल्या गोष्टी सांगत राहिला. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि घरात सगळ्यांनी त्याला शूर ठरवून टाकले होते.

“चला, चला! पहिलं पाऊल माझं!” सोल्वेबाई हातात चहाचे ग्लास घेऊन दारात आल्या होत्या. अनवाणी. त्यांनी पायांच्या नखांना लाल रंग लावला होता, आजच्यासाठीच लावला असणार, आणि लहान मुलीसारखी खोडकरपणे बोटे वर-खाली करत त्या उंबऱ्यावर थांबल्या होत्या. “झाली का तुमची प्रार्थना, एफ्राइन?”

“झाली,” तो म्हणाला. खरेच झाली होती.

“मग मी येते.”

“थांबा!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की गस उठून उभा राहिला. पण बाईंचा पाय निघालेला होता. बोटे टेकली, आणि त्या किंचाळून मागे कोसळल्या, एक ग्लास हातातून सुटला, चहा फळ्यांवर सांडला आणि बघता बघता वाळला. बर्फाचे खडे तेवढे थोडा वेळ तरंगल्यासारखे इकडेतिकडे घसरले आणि तेही गेले. ट्रककडून मरिसेला धावत आली. तिने बाईंना उठवले, पाय पाहिला, बोटे लाल झाली होती, बाकी काही नाही. मग तिने स्वतः फळीला हात लावला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“कमी तापते म्हणे! त्या मेल्या दुकानदाराला आता इथं आणून बसवते, उघड्या ढुंगणानं.” फोन कानाला लागलासुद्धा. “हॅलो? हो, मरिसेला बोलतेय, बुस्तामांते. अहो, तुमच्या त्या गार फळीवर अंडं तळून दाखवू का तुम्हाला? नाही, थट्टा नाही... नमुना वेगळा दिलात आणि माल वेगळा पाठवलात. माझे वडील स्वतः उभे राहिले होते नमुन्यावर. माझे वडील, कळतंय का? ते खोटं बोलत नाहीत.”

एफ्राइन बादलीवरून उठला नव्हता. किती सोपे होते. त्याला काही करायचेच नव्हते. नुसते गप्प बसायचे, मान डोलवायची. मरिसेला भांडून फळ्या बदलून घेईल, दुकानदार कानावर हात ठेवेल, शेवटी काहीतरी मधला मार्ग निघेल, आणि अनवाणी एफ्राइनचे नाव तसेच राहील. दुकानदाराचे थोडे खराब होईल, पण दुकानदारांना सवय असते. सोमवारी बालवाडीचा ओटा होता. पाण्याच्या कारंज्याभोवतीचा, मुले दिवसभर ओल्या पायांनी धावणार तो. तिथल्या बाई मरिसेलाला म्हणाल्या होत्या, तुमचे वडील उभे राहणार असतील तरच आम्ही काम देतो. सोमवारी तो उभा राहील. प्रार्थना संपेल. ती आता नेहमीच संपणार होती, लाव्ह्यावर उभे केले तरी संपणार होती, आणि हे मनात आल्याबरोबर त्याला त्या इवल्या पायांसाठी भीती वाटली. दोन चेमाने निदान स्वतःचेच पाय घालवले होते.

“फोन ठेव,” तो म्हणाला.

“थांबा आपा, आता कुठं तो माफी मागायला लागलाय...”

“ठेव म्हणतो ना, मिहा, पोरी. फळी जशी होती तशीच आहे. नमुनाही असाच होता.” त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. “मला लागलंच नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. आत्ता तिच्यावर उभा होतो मी. गसला कळलं, मला नाही कळलं.”

मरिसेलाने फोन बंद केला. पलीकडच्या अंगणात कुठेतरी एसीचे यंत्र घरघरत होते. सोल्वेबाई उंबऱ्यावर बसून होत्या, एक पाय हातात धरून. एफ्राइन त्यांच्याकडे वळला. लाज वाटत होती, पण बोलायचे थांबवता येईना. “तुम्ही मला सांगितलं होतंत ना सेन्योरा, लोकरीच्या मोज्यांचं. तुम्ही काढून टाकलेत आणि ते माझ्या पायांत आले बघा. काढायला जातो तर सापडत नाहीत. माझ्या शब्दावर तुम्ही पाय टाकलात. तो शब्द आता चालत नाही. मांडव मी घालून देईन, माझ्या खर्चानं. आकाश थोडं कमी दिसेल.”

“मांडव बघू नंतर,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शाळेतला जुना धाक आला होता. “आधी बूट काढा.”

“कशाला? मला काही...”

“तेच तर म्हणतेय मी. काढा!”

त्याने मरिसेलाकडे पाहिले. ती आधीच त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती आणि नाडी सोडत होती. मोजे तळव्यांना चिकटून आले. तिने पाय वर केला, पाहिले, आणि तिचा चेहरा असा काही झाला की एफ्राइनने स्वतः बघायचे टाळले. सोल्वेबाई लंगडत आत गेल्या आणि कपडे भिजवायचा प्लास्टिकचा मोठा टब घेऊन आल्या. जूनमध्ये इथल्या नळाचे गार पाणी गार नसतेच, म्हणून मरिसेलाने फ्रिजमधला जग मागून घेतला, ओतत ओतत दोन्ही पाणी एक केले, आणि तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे बघावे तसे कोपर बुडवून पाहिले. मग तिने त्याचे दोन्ही पाय आत सोडले. गस आला, हुंगला आणि टबातले पाणी लपालपा प्यायला लागला. “हा बघा, याला लाज आहे का?” सोल्वेबाई म्हणाल्या, आणि तिघेही हसले, पाहिजे त्यापेक्षा जरा जास्तच.

“सोमवारी बालवाडीत मी उभी राहीन,” मरिसेला म्हणाली.

“प्रार्थना येते का तुला पुरती?”

“आजीनं मारून मुटकून शिकवलीय. मधल्या ओळी गाळणार नाही, काळजी करू नका. आणि उद्या सकाळी डॉक्टर. अम्माला आज रात्री तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार.”

“ती केकवरून सुरुवात करेल.”

“करू द्या. ऐका एकदा.”

एफ्राइनने मान हलवली. त्याला रडू येत होते, आणि ते कळत होते, घशात, नाकात, डोळ्यांत, सगळीकडे अगदी स्वच्छ कळत होते. तिने एक पाय पाण्यातून काढून मांडीवर पसरलेल्या टॉवेलावर घेतला आणि अलगद टिपला. तिची मान त्याच्या आईसारखी एका बाजूला कलली होती. आजोबांना तिने पाहिलेही नव्हते, परातीची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती, तरी तिने विचारायचे तेच विचारले. “आपा, कुठपर्यंत कळतंय ते बघू या. मी हात लावते, तुम्ही सांगा.”

त्याची नजर तिच्या हाताकडे गेली होती. सवयीने, कुणी न शिकवता. हात पावलाच्या दिशेने येत होता, आणि त्याच्या ओठांवर ‘कळतंय’ तयारही झाले होते. दारातल्या खुर्चीवरचा बाप त्याला दिसला, हसणारा, पोरांकडे बघणारा. केवढा एकटा असेल तो त्या वेळी, असे पहिल्यांदाच त्याच्या मनात आले. एफ्राइनने डोळे मिटून घेतले. घट्ट, लपाछपीत मिटतात तसे. पापण्यांवर उजेड लाल दिसत होता. गसचे लपालप थांबले होते. तो वाट बघत राहिला, खूप वेळ, एक प्रार्थना सहज म्हणून झाली असती इतका वेळ, आणि मग त्यालाच राहवेना.

“लाव की हात, मिहा. कशाची वाट बघतेस?”

“आपा,” ती म्हणाली, “तुमचा अंगठा केव्हाचा माझ्या मुठीत आहे.”